पुन्हा एकदा पहिल्यांदा

मुलांनो,

परवा तुमच्या आत्यानं पाठवलेला व्हिडिओ तुम्ही पाहिलात. तुमची सहा वर्षांची आतेबहीण शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा तोडते, "आऊ" म्हणते, मूठ उघडते आणि तळहातावर तिचा पडलेला पहिला दात. तुम्ही दोघांनीही बदाम पाठवलेत. मग तुमच्यातल्या मोठ्यानं एक प्रश्न लिहिला. दात पडला तर रक्त कसं नाही, आणि दात तोंडातून न येता मुठीतून कसा आला?

प्रश्न अगदी योग्य आहे. तो व्हिडिओ आपल्या सगळ्या नातेवाइकांनी पाहिला, त्यावर टाळ्या पाठवल्या, फुलं पाठवली, एका काकूंनी तर नाचणारी बाई पाठवली. पण मूठ कोणाला दिसली नाही. उत्तर मोबाईलवर दोन ओळींत मावणारं नाही म्हणून मी कागद घेतला आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील. एखादा शब्द समजला नाही तर त्यांना विचारा. त्यांनाही समजला नाही तर मला कळवा, मग मी त्यांच्याशी वेगळं बोलेन.

आधी एक सांगते. मी एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. नक्कल करणाऱ्या मुलाचा पेपर काढून घेताना मी कधी मागेपुढे पाहिलं नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत आणि डब्यात तेच असतं जे चिठ्ठीवर आहे. हे सांगायचं कारण असं की पुढे मी जे केलं ते तुम्ही माझ्याबद्दल ऐकलेल्या गोष्टींशी जुळणार नाही.

तुमची आत्या वरच्या मजल्यावर राहते. तिचा नवरा नोकरीसाठी चंद्रपूरला असतो, रविवारी येतो. ती मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगनगरीतल्या, एका कंपनीत आहे, जिथे काम आपल्या घड्याळाप्रमाणे सुरू होतं आणि दुसऱ्या कुठल्यातरी देशाच्या घड्याळाप्रमाणे संपतं. धाकटीची, म्हणजे तुमच्या आतेबहिणीची, शाळा साडेबाराला सुटते. तिथून संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत ती आमच्या ताब्यात. आम्ही म्हणजे मी, तुमचे आजोबा आणि हिंगण्याहून येणाऱ्या मावशी, ज्या स्वयंपाक करतात, धाकटीला सांभाळतात आणि माझ्या इंग्रजी शिक्षणाला फारशी किंमत देत नाहीत.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला धाकटीनं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. अंगणातल्या फरशीवर, खडूनं, कोणी सांगितलं नसताना. आम्हा तिघांना केवढा आनंद झाला. आत्याची गाडी फाटकात शिरली तेव्हा तिघंही एकदम सांगायला धावलो. तिनं हेल्मेट काढलं, फरशीवरचं नाव पाहिलं. तोवर मावशींनी अंगण झाडून पाणी मारलं होतं, त्यामुळे नावाचा अर्धाच भाग उरला होता. ती म्हणाली, छान. मग बेसिनपाशी बराच वेळ हात धूत राहिली आणि मला विचारलं, "कोणत्या हातानं लिहिलं, आई?"

मला आठवेना. पहिलं अक्षर उलटं काढलं होतं का, लिहिताना जीभ बाहेर होती का, हेही तिनं विचारलं. मी एवढी व्यवस्थित बाई, पण मला यातलं काहीच सांगता आलं नाही. ती वर निघून गेली. पायऱ्यांवर तिची पावलं रोजच्यापेक्षा हळू वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिनं नियम केला. ती घरी नसताना धाकटीला कोणतीही गोष्ट पहिल्यांदा करू द्यायची नाही. तिनं हे हसतच सांगितलं, पण ऑफिसात लोकांना कामं देताना ती अशीच हसते, हे मी तिच्या फोनवर ऐकलेलं आहे.

मी विचारलं, पहिल्यांदा म्हणजे नेमकं काय धरायचं? कारलं खाल्लं तर? दोन्ही हातांनी 'टाटा' केलं तर? ती म्हणाली, आई, तुला कळेल. तुमच्या आजोबांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, खोटं बोलली तर तेही थांबवून ठेवायचं का? आत्यानं गाडीची किल्ली उचलली. मावशी मात्र कणीक मळता मळता थांबल्या होत्या. आत्या गेल्यावर मला म्हणाल्या, "काहून जी म्याडम, लेकरू मोठं होऊन राहिलं तं का त्याले दारात उभं ठेवायचं? थांब म्हणा, तुही माय येऊ दे?"

मी त्यांना म्हटलं की नियम म्हणजे नियम. मी आयुष्यभर इतरांना हेच सांगितलं होतं, त्यामुळे दुसरं काही चटकन सुचलंही नाही.

नियम दोन महिने चांगला चालला, कारण त्या काळात धाकटीनं नवीन असं काही केलं नाही, किंवा केलं ते आमच्या लक्षात आलं नाही. मग सायकल आली. आजोबांनी एका रविवारी बाजूची दोन छोटी चाकं काढून टाकली आणि पुढच्या शनिवारपर्यंत सीट धरून सराव करायचा असं ठरलं. शनिवारी आत्याला सुट्टी असते. शनिवारी आजोबा सीट सोडतील, आत्या पलीकडे उभी राहून व्हिडिओ काढेल. सगळं ठरलेलं होतं. मंगळवारी दुपारी चार वाजता धाकटी एकटीच सायकल घेऊन फाटकाबाहेर गेली आणि कॉलनीच्या टोकाच्या कडुलिंबापर्यंत जाऊन परत आली. आजोबांचा हात सीटवर नव्हता. आजोबाच सायकलजवळ नव्हते, ते बूट घालत होते.

आम्ही तिघं फाटकात उभे. पोरगी लाल चेहऱ्यानं समोर. टाळ्या वाजवायला मावशींनी हात उचलले होते ते मी धरले.

"आता काय म्याडम?" मावशी म्हणाल्या. "तिच्या पायाले दोरी बांधू?"

तेव्हा मी माझ्या आयुष्यातला पहिला गैरप्रकार केला. मी धाकटीला जवळ घेतलं आणि सांगितलं की हे जे झालं ते पहिल्यांदा नव्हे. तिनं विचारलं, मग काय होतं? मी म्हटलं, ही तालीम होती. खरं पहिल्यांदा शनिवारी, मम्मासमोर.

तिनं क्षणभर विचार केला. मग मान हलवली. मुलं किती लवकर आपल्या बाजूला येतात, याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं. शिक्षिका म्हणून खरं तर भीती वाटायला हवी होती.

शनिवारी तिनं सायकल सुंदर चालवली. पहिल्या दहा पावलांवर मुद्दाम थोडी डगमगली, एकदा पाय टेकवला, मग सुटली. आत्या फोन धरून मागे मागे पळत होती आणि तिचा आवाज व्हिडिओत कापतो आहे, तो तुम्हीही ऐकला आहे. तुम्ही दोघांनी त्यालाही बदाम पाठवले होते. ते परत करायची गरज नाही, पण माहीत असावं.

त्यानंतर आमच्याकडे तालमींचा एक कारखानाच सुरू झाला. शिट्टी बुधवारी वाजली आणि शनिवारी पहिल्यांदा वाजली. पहिली गोल पोळी लाटली गेली तेव्हा ती सहावी गोल पोळी होती. आधीच्या पाच आजोबांनी तक्रार न करता खाल्ल्या. शुक्रवारी मी मनातल्या मनात आठवड्याची उजळणी करायचे: काय काय होऊन गेलं आणि त्यातलं काय अजून व्हायचं आहे. मावशींना या सगळ्यात एवढा रस आला की त्या धाकटीला सूचना देऊ लागल्या. वं, जरा घाबरल्यावानी कर. लगेच येते असं दिसलं तं तुह्या मायले खरं वाटन का? धाकटीला घाबरल्यासारखं करायला फार आवडायचं.

आत्या या काळात आनंदात होती. ऑफिसातून कितीही दमून आली तरी खाली येऊन धाकटीला मांडीवर घ्यायची, आज काय काय केलं विचारायची आणि धाकटी निर्विकार चेहऱ्यानं म्हणायची, काही नाही. मी चष्मा पुसत बसायचे. आपण एका आईला तिच्या लेकीचं बालपण मिळवून देत आहोत, असं मी स्वतःला समजावलं होतं. इंग्रजीत यासाठी चांगले शब्द आहेत. मराठीत त्याला फसवणूक म्हणतात.

मग तो दात हलू लागला. खालचा, अगदी मधला.

आत्यानं सांगितलं की बाकी सगळं एकीकडे आणि हा एकीकडे. सायकल पुन्हा चालवता येते, शिट्टी पुन्हा वाजवता येते, पण पहिला दात एकदाच पडतो. हे तिनं जरा माझ्याकडे बघून म्हटल्यासारखं मला वाटलं, पण मी तेव्हा दुर्लक्ष केलं. तो पडताना आपण समोर असायचं, एवढंच तिला हवं होतं. रात्री झोपताना ती तो दात बोटानं हलवून बघायची आणि मला पायऱ्यांवरून सांगायची, अजून चार दिवस, किंवा, अजून तीन.

मी पथ्य सुरू केलं. पेरू बंद, काकडी बंद, चिक्की, चणे, मक्याचं कणीस सगळं बंद. वरणभात, उपमा, मऊ खिचडी. ब्रश मी स्वतः करून द्यायचे, दाताच्या आजूबाजूनं. धाकटीनं हे व्रत घेतल्यासारखं पाळलं. शाळेत कोणाच्या वाढदिवसाला मिळालेलं कडक चॉकलेट तिनं चार दिवस दप्तरात ठेवलं. एकदा मी तिला आरशासमोर उभी राहून दाताला दटावताना ऐकलं: "मम्मा आल्यावर. आता नाही."

तान्हा पोळा जवळ आला होता. तुमच्या बाबांनी सांगितलं नसेल तर मी सांगते. पोळ्याला खेड्यात खरे बैल सजवतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मुलं चाकांचे लाकडी बैल सजवतात, दोरीनं ओढत घरोघर नेतात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे खाऊ नाहीतर थोडे पैसे. संध्याकाळी कॉलनीच्या मैदानात कोणाचा बैल सगळ्यात छान याची स्पर्धा असते. बैल मुलांचे, सजावट आयांची आणि परीक्षकांशी वाद बापांचे.

त्या दिवशी इथे शाळांना सुट्टी असते, पण आत्याच्या कंपनीला ती कळत नाही. तिनं अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी परदेशातल्या साहेबांना लिहिलं. लाकडी बैलाचा सण आहे, माझी मुलगी तो ओढणार आहे. त्यांनी फार सौजन्यानं उत्तर दिलं. हा बैल घरातल्या कोणाच्या स्मरणार्थ आहे का, असं विचारलं, आणि असल्यास सहवेदना कळवल्या. आत्यानं ते उत्तर आम्हाला वाचून दाखवलं. मग म्हणाली की नाही म्हटलं तर अर्धा दिवस मिळणार नाही, म्हणून तिनं फक्त आभार मानले आहेत. माझ्या लक्षात आलं की खोटं न बोलता काम साधायची कला माझ्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त येते. त्याचा पुढे अर्थ लागेल.

ती साडेचारला घरी येणार होती. दुपारी जेवणं झाल्यावर धाकटी मावशींबरोबर बैल घेऊन निघाली. हा बैल तिच्या आईचाच, लहानपणचा. एक शिंग तुटलेलं आहे, तिथे आजोबांनी पेनाचं टोपण चिकटवून वर बेगड लावली होती. मी मावशींना बजावलं होतं की बोजाऱ्यात जे मिळेल ते पिशवीत, तोंडात नाही.

मावशींनी बजावलेलं पाळलं. शेजारच्या काकूंनी पाळलं नाही. त्यांनी धाकटीला जवळ घेतलं, गालगुच्चा घेतला आणि चिक्कीचा तुकडा थेट तिच्या तोंडात घातला. नागपुरात माया अशीच करतात, समोरच्याला पथ्य असेल असं कोणी धरत नाही.

तीन वाजता फाटक वाजलं. पुढे मावशी, काखेत बैल. मागे धाकटी, एक मूठ घट्ट मिटलेली आणि हनुवटीवर थोडं रक्त. तिला दुखत नव्हतं. तरी डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"आजी, मी त्याला थांब म्हटलं होतं," ती म्हणाली.

तिला चूळ भरायला लावली, रक्त थांबलं, पण रडं थांबेना. तिनं स्वतःच उपाय सुचवला. दात परत बसवायचा, आजोबांकडे शिंगाला लावलेला गोंद आहेच. आजोबांनी तिला गंभीरपणे समजावलं की तो गोंद फक्त बैलांसाठी असतो. मग ती माझ्याकडे वळली. हुंदके देत म्हणाली की मग ही तालीम होती ना?

तुम्ही म्हणाल, तिथे तरी मी थांबायला हवं होतं. आत्याला फोन करून सांगता आलं असतं. पण मला बेसिनपाशी हात धूत राहिलेली ती दिसत होती. आणि दीड तास हाताशी होता.

मी म्हटलं, हो, तालीम.

मग मी त्या दीड तासात जे काम केलं तेवढ्या बारकाईनं कॉलेजच्या एकाही स्नेहसंमेलनाचं नाटक बसवलं नव्हतं. चिक्कीचा दुसरा तुकडा. दात डाव्या गालात ठेवायचा, तुकडा चावायचा, मग दात जिभेनं पुढे आणायचा. दोनदा करून पाहिलं. दुसऱ्या वेळी मला वाटलं की पोरीनं दात गिळला, आणि मी तिच्या तोंडात बोट घातलं. गालातला दात रद्द केला. मावशी म्हणाल्या, मुठीत ठेव, चावली का हात तोंडाजवळ ने, अन् दात काढल्यावानी दाखव. आजोबा दारात उभे होते. ते म्हणाले की हे काही बरोबर नाही. मी त्यांना विचारलं की तुम्हाला यात काय काम हवं आहे. तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि आत्याची जागा घेतली, म्हणजे धाकटीला प्रेक्षक मिळाला.

चार पंचविसापर्यंत सगळं पक्कं झालं. तोंड पुसलं, डोळ्यांना पाणी लावलं, पातळाचा पदर नीट केला. धाकटी त्या दिवशी शेतकरीण झाली होती. दात मुठीत. आता फक्त आत्या यायची बाकी होती.

आत्या आली. फाटकात गाडी थांबायच्या आधी धाकटी धावत सुटली आणि तिच्या पायांना मिठी मारून वर बघत राहिली. आत्यानं हेल्मेट काढलं, वाकून तिचा पापा घेतला. म्हणाली, चला, आपला बैल कुठे आहे?

मैदानावर गर्दी होती. एक बैल दिव्यांच्या माळेचा होता, एकाच्या पाठीवर मोबाईल ठेवून पोवाडा लावला होता. आमच्या बैलाला पेनाच्या टोपणाचं शिंग होतं, त्यामुळे आम्हाला कोणी स्पर्धक मानलं नाही. परीक्षक पुढे गेल्यावर धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं आईला सांगितलं की मला चिक्की खायची आहे. आत्यानं फोन काढला. खरं तर तिनं त्याच क्षणी फोन का काढला, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पुढचं तुम्ही पाहिलं आहे. तुकडा तोडला, "आऊ" झालं. हात तोंडाजवळ न्यायचा होता, ते ती घाईत विसरली आणि सरळ मूठ उघडली. मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. व्हिडिओत उजव्या कोपऱ्यात त्यांची हिरवी साडी दिसते ती तेव्हाचीच. आत्या म्हणाली, "अगंबाई, पडला," आणि तिला उचलून घेतलं. तिचा आवाज पुन्हा कापला. माझी सुटका झाली असं मला वाटलं.

रात्रभर मला ती सुटका टोचत राहिली. दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी आत्या खाली चहाला आली, धाकटी वर झोपली होती, आजोबा वर्तमानपत्रात होते. मी ताट-वाट्या जागेवर लावल्या, बसले आणि सगळं सांगितलं. आधी दात, मग पोळी, मग शिट्टी, मग सायकल. म्हटलं, मी तुला फसवलं. तुला काय हवं होतं ते मला माहीत होतं, आणि त्यातलं एकही मी तुला खरं मिळू दिलं नाही.

ती चहावर फुंकर घालत ऐकत होती.

"आई, काल मी फाटकातून आले तेव्हा ती माझ्याकडे हसत धावत आली ना?"

"हो."

"खालच्या दातांत एवढी खिडकी होती."

आम्ही चावण्याची तालीम घेतली होती, मुठीची घेतली होती, "आऊ" सुद्धा तीन प्रकारे म्हणून पाहिलं होतं. मम्मा दिसल्यावर ती हसेल, हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

तिनं पुढे सांगितलं की सायकलचंही तिला त्याच दिवशी कळलं होतं. पहिल्यांदा सायकल चालवणारी मुलगी वळणावर घंटी वाजवत नाही. आणि पहिली पोळी लाटणारी मुलगी पोळी उलटताना मावशींसारखी बोटांवर फुंकर मारत नाही. मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस?

"बोलले असते तर तुम्ही बंद केलं असतं." तिनं कप खाली ठेवला. "मी संध्याकाळी येते ना, तेव्हाच मला कळतं की आज काहीतरी झालंय. विचारलं की म्हणते, काही नाही. आई, जिला खाल्लेलं चॉकलेट लपवता येत नाही ती पोरगी मंगळवारची सायकल शनिवारपर्यंत पोटात ठेवते. ते तुम्हाला कोणाला बघायला मिळत नाही. ते मलाच मिळतं."

मग ती म्हणाली की दाताचं वाईट वाटलं. फाटकात उभी राहून एक क्षण फार वाईट वाटलं. आणि मग तिला धाकटीची मूठ दिसली.

आता मला थोडा आधार हवा होता. वय झालं की माणूस अशा वेळी आपल्या जुन्या पुण्याईकडे वळतो. मी म्हटलं, निदान माझ्या वेळी असलं काही झालं नाही. मीही नोकरी करत होते, सोमवार ते शनिवार, पण तू पहिलं पाऊल टाकलंस ते रविवारी, जेवणानंतर, देवघराच्या उंबऱ्यापासून माझ्यापर्यंत चार पावलं. ही गोष्ट तुमच्या आत्याच्या प्रत्येक वाढदिवसाला मी सांगितली आहे. माझ्या डायरीत ती लिहिलेली आहे, वेळेसकट.

वर्तमानपत्रामागून आजोबा म्हणाले, "बुधवारी."

"काय बुधवारी?"

"चालली ती. बुधवारी. मी रजेवर होतो."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. सांगितलं ते असं. बुधवारी दुपारी ती स्वयंपाकघरातून थेट अंगणात चालत गेली. तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, धावत गेल्या आणि त्यांनी तिला उचललं. त्या काटोलकडच्या शेतकरी घरातल्या, शाळेत कधी गेल्या नाहीत. त्यांनी आजोबांना शपथ घातली की सूनबाईले सांगू नको. उचललं ते रविवारी जेवणं होईपर्यंत खाली ठेवलं नाही.

आणि मला ते चार दिवस स्वच्छ आठवले. मी रोज कॉलेजातून यायचे आणि पोरगी आपली सासूबाईंच्या कडेवर. मी तेव्हा मुलं वाढवण्याबद्दलचं एक इंग्रजी पुस्तक वाचत होते. गुरुवारी की शुक्रवारी मी त्यांना त्यातलं पान काढून समजावलं होतं की मुलांना सारखं कडेवर घेतलं तर ती उशिरा चालतात. त्यांनी पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. त्यांची कंबर दुखायची.

"चार दिवसानं काय बिघडते वं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

तुमची आत्या हसायला लागली ती थांबेना. मावशी नुकत्याच आल्या होत्या, त्यांनी विचारलं काय झालं, आणि तिनं सांगितल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या की माणूस हुशार होता तुमच्या घरात. मी उठून आत गेले आणि जुनी डायरी काढली. नोंद खोडली नाही. 'पहिलं पाऊल' याच्यापुढे 'माझ्यासमोरचं' एवढं लिहिलं आणि डायरी जागेवर ठेवली.

तर, रक्त नव्हतं कारण ते तीन वाजता येऊन गेलं होतं, आणि दात मुठीतून आला कारण तुमची बहीण एक हालचाल विसरली. तो दात आता आत्याच्या कुंकवाच्या जुन्या डबीत आहे. शेजारचा दातही हलू लागला आहे. त्याबद्दल घरात कोणी काही ठरवलेलं नाही, पण धाकटीनं पेरू खाणं आपणहून बंद केलं आहे.

तुमचे बाबा पहिल्यांदा मला 'आई' म्हणाले, त्याचीही नोंद माझ्याकडे आहे. रविवार, सकाळी साडेनऊ. हे पत्र लिहिता लिहिता मी तुमच्या आजोबांना त्याबद्दल विचारलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तुमची
आजी